भाजलेल्या ओनिगिरीत जपान किती?

साशंक : हा पदार्थ मुळात मुद्दाम करायचा असतो का, इथूनच माझी शंका सुरू होते. याकी ओनिगिरी म्हणजे भाताचा दाबून केलेला त्रिकोण, त्याला वरून सोया सॉस लावायचा आणि जाळीवर भाजायचा. जपानात लोक तो इझाकायात, म्हणजे तिथल्या मद्यालयात, रात्रीच्या शेवटी मागवतात, पिण्याबरोबरचं चटकमटक खाऊन झालं की पोटाला आधार म्हणून. घरी उरलेल्या भाताचा करतात. आणि सर्रास तर तो गोठवलेल्या पाकिटातून निघून थेट मायक्रोवेव्हमध्ये जातो. ज्यांचा पदार्थ आहे तेच त्याच्यावर फार डोकं चालवत नाहीत. तुम्ही मात्र परदेशी तांदूळ, परदेशी सोया सॉस, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचा डबा, त्रिकोणी साचा असा जामानिमा मांडून बसता. आपल्याकडे शिळ्या भाताला फोडणी देतात, पाच मिनिटांत काम होतं आणि कुणी टाळ्या वाजवत नाही. शिवाय खरं सांगू? हाताने वळलेला भाताचा गोळा पानावर ठेवला की आमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर दहाव्याचा पिंड येतो. ती अढी तुमच्या सोया सॉसने जाणार नाही.

हौशी : पिंडाचं म्हणाल तर जपानी माणसालाही भात आणि मृत्यू यांचं नातं चांगलंच ठाऊक आहे. भाताच्या वाटीत चॉपस्टिक उभ्या खोवल्या तर तिथल्या आजीचा चेहरा उतरतो, कारण तसा भात मेलेल्या माणसाच्या उशाशी ठेवतात. तरीही तोच भात ते रोज मुलांच्या डब्यात देतात. तेव्हा अढी आहे, मान्य, पण तिच्यावर अडून बसायचं कारण नाही. उरलेल्या भाताचं तुमचं म्हणणं मात्र मी पुरतं मान्य करत नाही. फ्रीजमधून काढलेल्या गार भाताची ओनिगिरी वळून बघा. दाणे एकमेकांना धरतच नाहीत. भात गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, दाणा कडक होतो. त्यामुळे उरलेला असला तरी तो आधी वाफेवर नीट गरम करावा लागतो, आणि वळायचं ते हाताला चटका बसेल इतकं गरम असतानाच. बाकी कृती दिसते तितकी आळशी नाही. तांदूळ तीन-चार पाण्यांतून धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, पाणी तांदळापेक्षा थोडंसंच जास्त. शिजल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटं मुरू द्यायचा. तळहात ओले करून त्यांना मीठ लावायचं आणि वळायचं. इथपर्यंत ती साधी ओनिगिरी. खरी गंमत पुढे आहे, आणि बहुतेक जण तिथेच घाई करतात.

साशंक : म्हणजे सोया सॉस लावताना.

हौशी : सोया सॉस *न* लावताना! पहिला टप्पा पूर्ण कोरडा असतो. वळलेला त्रिकोण जाळीवर किंवा लोखंडी तव्यावर तसाच ठेवायचा, वर काही लावायचं नाही, हलवायचा नाही. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि रंग, खमंगपणा हे सगळं एकशे चाळीसच्या पुढचं काम आहे. आधी पाणी उडायला हवं. ते उडालं की दाणे एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात आणि त्रिकोण आपणहून तव्यावरून सुटतो. ओढावा लागला तर समजायचं की अजून वेळ आहे. दोन्ही बाजू अशा झाल्यावर मग सोया सॉस, तोही हलक्या हाताने. एकदा लावायचा, उलटायचा, पुन्हा लावायचा. आधीच लावला तर तो आत झिरपतो, दाणे सैल होतात, आणि बाहेर राहिलेला थेंब करपून कडू होतो. मिसो लावायचा असेल तर आणखी उशिरा, कारण तो सोयाहूनही लवकर जळतो. आणि आपल्या किराणा दुकानातला तो काळा, दाट, चायनीजच्या गाड्यांवरचा सोया सॉस इथे चालत नाही. सोयाबीन आणि गहू कोजी नावाच्या बुरशीवर कित्येक महिने आंबवून केलेला जपानी शोयू पातळ असतो, त्यात गव्हाची साखर आणि सोयाबीनची अमिनो आम्लं दोन्ही असतात, आणि विस्तवावर या दोघांची गाठ पडली की तो वास सुटतो. हे फोडणीच्या भाताइतकं सोपं असेल तर तुम्ही उद्या करून दाखवा.

साशंक : कृती अवघड आहे एवढ्यावरून ती करण्याजोगी ठरत नाही, कुरडयाही अवघड असतात. बरं, तुमचं मानलं. पण तुम्ही जे सांगितलं ते सगळं विस्तवाचं शास्त्र झालं. कोरडं करा, थांबा, मग लावा, हे बटाट्यालाही लागू आहे. माझा प्रश्न भाताचा आहे. ओनिगिरी हा तांदळाच्या एका विशिष्ट स्वभावावर उभा राहिलेला पदार्थ आहे. जपानी आखूड दाण्याच्या तांदळात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार कमी, कोशिहिकारी जातीत साधारण सोळा-सतरा टक्के. आपल्या लांब, मोकळ्या शिजणाऱ्या अनेक जातींत ते पंचवीसच्याही पुढे जातं. अमायलोज कमी म्हणून तो भात चिकटतो, आणि मुख्य म्हणजे गार झाला तरी मऊ राहतो. हा दुसरा गुण ओनिगिरीचा प्राण आहे, कारण ती जन्माला आली तीच गार खाण्यासाठी. जपानी रेल्वेवरचा पहिला जेवणाचा डबा म्हणून १८८५ साली उत्सुनोमिया स्टेशनवर विकलेल्या पुडीचं नाव घेतात, त्यात उमेबोशी हे आंबट, खारवलेलं फळ घातलेल्या ओनिगिरी होत्या. १८८९ साली यामागाता प्रांतात त्सुरुओकाच्या एका देवळातल्या शाळेत गरीब मुलांना पहिलं शालेय जेवण मिळालं, त्यात ओनिगिरी, भाजलेला खारा मासा आणि लोणचं. सगळं घेऊन जायचं, थांबून खायचं अन्न. तुमचा इथला तांदूळ त्या परीक्षेला उतरणार आहे का?

आणि ही परीक्षा एका अख्ख्या देशाने घेऊन झाली आहे. १९९३ च्या उन्हाळ्यात जपानात कडाक्याचा गारवा पडला. त्याआधी दोन वर्षं फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला होता, त्याच्याशीही त्याचा संबंध जोडतात. भाताचं पीक नेहमीच्या तीन-चतुर्थांशावर आलं. सरकारने बाहेरून पंचवीस लाख टनांच्या आसपास तांदूळ आणला, त्यात थायलंडचा लांब दाण्याचा होता. लोकांनी तो नाकारला. दुकानदारांनी देशी तांदळात मिसळून विकला, तरी लोक कुरकुरले. काहींनी तर टाकून दिला. उपाशी राहायची वेळ नव्हती म्हणून हे परवडलं, हे खरं. पण भात म्हणजे भात, कुठलाही चालेल, असं ते राष्ट्र कधीच म्हणालं नाही. मग तुम्ही पुण्यात किंवा ठाण्यात बसून ते कशाच्या बळावर म्हणता?

हौशी : तुम्ही सांगितलेली हकीकत खरी आहे, पण तिच्यातून मला उलटं दिसतं. त्या वर्षी जपानी घरांनी थाई तांदूळ आपल्या राइस कुकरमध्ये, आपल्या पाण्याच्या मापाने, आपल्या आमटी-माशाबरोबर खाऊन बघितला. थायलंडमध्ये तो तसा कुणी खात नाही. त्याला हवा होता रस्सा, आणि मोकळं शिजवणं. दोष तांदळाचा जेवढा, तेवढाच त्याला ओळखून न घेण्याचा. दुसरं, जपानी माणूस घर सोडून गेला तेव्हा त्याने काय केलं ते बघा. कॅलिफोर्नियात १९४८ पासून कालरोज नावाचा मध्यम दाण्याचा तांदूळ पिकतो. अमेरिकेतल्या जपानी कुटुंबांच्या किती पिढ्यांनी ओनिगिरी त्याच्याच वळल्या. हवाईत तर त्यांनी डब्यातल्या डुकराच्या मांसाची चकती भातावर ठेवून तिला नोरीने, म्हणजे समुद्रशेवाळाच्या कागदाने, बांधलं आणि त्याला मुसुबीच म्हटलं, म्हणजे ओनिगिरीचंच दुसरं नाव दिलं. म्हणजे तांदळाची सोवळ्याओवळ्याची ही बंधनं खुद्द जपान्यांनीही गरजेप्रमाणे सैल केली.

आता इथलं. मी बासमती किंवा कोलम घ्यायला सांगत नाही. त्याची ओनिगिरी तव्यावर विस्कटते, तुमचं बरोबर. पण मावळात आंबेमोहराच्या वंशातून निघालेला, १९८७ साली पुढे आलेला इंद्रायणी घ्या. गरम असताना तो हाताला चिकटतो, दाबला की धरतो. पाणी आपण वरण-भाताला घालतो त्यापेक्षा कमी घालायचं, नाहीतर त्याचा गिच्च गोळा होतो. कुकरच्या शिट्ट्या करायच्या नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण घट्ट लावून. आंबेमोहर मी टाळतो, कारण वळताना दाणा मोडतो आणि भाजल्यावर तो लगदा होतो. हे मी तव्यावर बघून बोलतोय, पुस्तकातून नाही.

साशंक : गार झाल्यावर?

हौशी : गार झाल्यावर कोशिहिकारीइतका मऊ राहत नाही. कबूल. म्हणूनच भाजलेली, आणि गरम गरम खायची.

साशंक : आता तुम्ही माझ्या मनातलं बोललात. तुम्ही भाजता, कारण भाजल्याने लपतं. साधी ओनिगिरी केली असती तर तुमचा इंद्रायणी पहिल्या घासाला उघडा पडला असता. तिच्यात लपायला जागा नाही. भात, मीठ आणि हात, एवढंच. तोक्योत ओत्सुका भागात १९६० पासून ‘बोंगो’ नावाचं ओनिगिरीचं दुकान आहे. तिथे लोक रांगा लावतात, आणि तिथली कला दाबण्यात नसून न दाबण्यात आहे. त्रिकोण आकार धरतो, पण तोंडात घातला की सुटतो. दाण्यादाण्यात हवा राहते. किती जोर लावायचा हे त्या तळहातांना कळतं. भाजायच्या ओनिगिरीला ते कळून उपयोग काय? ती घट्टच दाबावी लागते, नाहीतर उलटताना फुटते. म्हणजे तुम्ही पदार्थाचं ते अंग निवडलंत ज्यात तांदळाचा गुण सोयाखाली झाकला जातो आणि हाताचा गुण लागतच नाही. उरलं काय? कुरकुरीत, खारट, खमंग कवच. ते कुणाला आवडणार नाही? आपल्याकडे पातेल्याच्या तळाची खरवड मिळावी म्हणून भावंडं भांडतात. कवचाची गोडी सगळ्या भातखाऊ जगाला आहे. पण मग तिला जपानी म्हणायचा अट्टहास कशाला?

(माझं मत विचाराल तर वादातला सगळ्यांत जड मुद्दा हाच. मी ओनिगिरीचा चाहता असूनही त्यावर माझ्याकडे झटपट उत्तर नाही.)

हौशी : लपतं, हे मी नाकारत नाही. शिकाऊ माणसाने तिथूनच सुरुवात करावी, असं मी म्हणेन. पण तुम्ही हाताची जी थोरवी सांगता, तिच्याबद्दल जपान स्वतः किती द्विधा आहे ते बघितलंत का? १९७८ साली सेव्हन-इलेव्हनने नोरी आणि भात यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पडदा घातलेली ओनिगिरी बाजारात आणली; खाताना नोरी कुरकुरीत राहावी म्हणून. आज कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारी ती ओनिगिरी यंत्र वळतं, आणि दाण्यात हवा राहील अशीच वळतं. घरातही बायका भात प्लॅस्टिकच्या कागदात घेऊन वळतात, हाताला लागू देत नाहीत. परक्याच्या हाताने वळलेली ओनिगिरी खाववत नाही असं म्हणणारे तिथे कमी नाहीत. ‘कुकिंग पापा’ नावाच्या चित्रकथेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ओनिगिराझू आली, म्हणजे न वळलेली ओनिगिरी. नोरीच्या चौकोनात भात-सारण ठेवून नुसती घडी घालायची. वीसेक वर्षं ती पडून होती, आणि २०१४-१५च्या सुमारास घराघरात तिची लाट आली. जिथे हात काढून घ्यायची एवढी धडपड चालू आहे, तिथे हात हीच परंपरा असं मला कसं म्हणता येईल?

साशंक : लोक पळवाट शोधतात म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही. आओमोरीत इवाकी डोंगराच्या पायथ्याशी सातो हात्सुमे नावाच्या बाई होत्या. २०१६ साली गेल्या. मनाने खचलेली माणसं त्यांच्या निवाऱ्यात येत, आणि त्या त्यांना ओनिगिरी वळून देत. त्यांची ओनिगिरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली नसे, कापडी टॉवेलात असे, भाताला श्वास घेता यावा म्हणून. लोक तिथे विस्तवासाठी येत नव्हते. तुमच्या जाळीवरच्या त्रिकोणात असं काही उरतं का, एवढंच मला विचारायचंय. हात न लावण्याचं कारण मला कळतं. कोमट भात आणि हाताचे जंतू यांची मैत्री वाईटच, आणि डब्यात सहा तास राहिलेल्या ओनिगिरीने पोट बिघडतं हे जपानी आयांना नीट ठाऊक आहे. पण ते आरोग्याचं झालं.

हौशी : मग विस्तवाचा मानही त्याच तराजूत घाला. भाजणं हे नुसतं चवीसाठी आलं, असं धरून तुम्ही बोलताय. इशिकावा प्रांतात १९८७ साली प्राचीन यायोई काळातल्या अवशेषांत भाताचा कोळसा झालेला त्रिकोणी गोळा सापडला. आधी त्याला सगळ्यांत जुनी ओनिगिरी म्हटलं, मग अभ्यासक म्हणाले की तो पानात बांधून केलेल्या चिमाकीच्या जवळचा असावा. जे असेल ते. दाबलेला भात आणि आग यांची गाठ जुनी आहे. निइगातात, म्हणजे ज्या मुलखात तुमच्या कोशिहिकारीचा पहिला संकर झाला तिथेच, केन्सान-याकी म्हणून प्रकार आहे. ओनिगिरीला आल्याचा मिसो लावून भाजतात, वाटीत ठेवून वर गरम चहा किंवा दाशी हे पातळ सार ओततात आणि फोडून खातात. उएसुगी केन्शिन या जुन्या सरदाराच्या सैनिकांनी तलवारीच्या टोकावर भात भाजला, अशी दंतकथा तिला चिकटवलेली आहे. खरीखोटी देव जाणे. पण बघा, देशातला सर्वांत नावाजलेला तांदूळ ज्यांच्या दारात, तेच लोक त्याला मिसो फासून भाजतात आणि वर पाणी ओततात. त्यांना काय झाकायचं होतं?

साशंक : गार, कडक झालेला भात. बर्फाच्या मुलखात तो आणखी कडक होतो. त्याला पुन्हा खाण्याजोगा करायचा होता. म्हणजे माझंच म्हणणं. तिथे भाजणं हे भाताला परत आणण्यासाठी आहे. आत चांगला भात आहे याची खात्री असते, आग फक्त त्याला जागं करते. तुमच्याकडे आग भाताच्या जागी बसते. आणि दुसरी एक गोष्ट, साधेपणाची. २०२४ च्या उन्हाळ्यात जपानात दुकानांतल्या तांदळाच्या फळ्या रिकाम्या झाल्या. २०२५ च्या वसंतात पाच किलोचा भाव चार हजार येनच्या वर, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. सरकारने राखीव साठा काढला. मे महिन्यात शेतीमंत्री एतो ताकु यांना राजीनामा द्यावा लागला, कारण ते म्हणाले होते की मला कधी तांदूळ विकत घ्यावा लागत नाही, पाठीराखे देतात. लोक का भडकले? कारण तो भात त्यांना गृहीत धरायचा होता आणि धरता येईना. अशा वेळी तोच तांदूळ विमानाने मागवून, हौस म्हणून, त्याची ‘साधी घरगुती ओनिगिरी’ करायची, हे मला कानाला खटकतं.

हौशी : इथे मी तुमच्या बाजूला सरकतो. मागवलेल्या कोशिहिकारीला माझाही विरोध आहे, आणि त्याचं कारण पैशापलीकडचं आहे. ती पिशवी महाग म्हणून जपून वापरली जाते, पाहुणे आले की निघते, आणि हात कधी सरावत नाही. इंद्रायणी रोजचा आहे. बिघडला तर उद्या पुन्हा. पण मग तुमचा पहिला प्रश्न नव्याने उभा राहतो, हे मलाही दिसतं. तांदूळ इथला, तवा इथला, पापड भाजायची जाळी इथली. तिथून आलेलं काय? शोयू आणि एक क्रम: आधी कोरडं, मग ओलं. माझ्या लेखी तो क्रम म्हणजेच पदार्थ. घाई असलेल्या माणसाने त्रिकोण विस्तवावर ठेवून काही न करता उभं राहणं. तुमच्या लेखी पदार्थ म्हणजे आतला पांढरा भाग.

साशंक : हो. आणि तो तपासायचा रस्ता सोपा आहे. एक ओनिगिरी भाजा, दोन तास ठेवा, मग कवच सोलून आतला भात एकटा खा. मिठाशिवाय, सोयाशिवाय. तो तेव्हाही गोड आणि मऊ लागला तर मी बोलणार नाही.

हौशी : पण असं कुणी खातच नाही! कवच सोलून ठेवलेली ओनिगिरी हा तुम्ही कोर्टात उभा करायला घडवलेला साक्षीदार आहे. माणूस घास घेतो त्यात कुरकुरीत, खारट, मऊ, फिकं एकदम येतं. फिका भाग फिका असल्यामुळेच बाहेरचा खारटपणा सोसवतो. आत सगळीकडे सोया कालवून मग वळणारेही आहेत, कात्सुओबुशी या सुकवलेल्या माशाचा चुरा घालून. मला ते आवडत नाही, कारण मग घासाला आत-बाहेर उरत नाही. आतला भाग मलाही पांढराच हवा.

साशंक : पांढरा हवा, पण कसा आहे ते विचारायचं नाही?

हौशी : विचारा की. गरम असताना विचारा.

साशंक : म्हणजे अट तुमची. मी गार विचारणार, तुम्ही गरम. डब्यासाठी जन्मलेल्या पदार्थाला तुम्ही तव्यावरून थेट ताटात आणलंत, आणि आता म्हणता की त्याला ताटातल्याच नियमांनी जोखा.

हौशी : इझाकायातही तो तव्यावरून ताटातच येतो. डबा ही साध्या ओनिगिरीची हकीकत आहे. भाजलेलीची कदाचित वेगळीच असेल, आणि आपण दोघं मघापासून एकाच नावाच्या दोन पदार्थांवर बोलत असू.

साशंक : तसं असेल तर एक मला पटवून द्या. केन्सान-याकीत चहा ओतला की तुमचं ते प्राणापलीकडे जपलेलं कवच दोन मिनिटांत मऊ पडतं, आणि वाटीत उरतो तो भात. तिथे कुठला तांदूळ घालाल?

हौशी : ...तिथे मी इंद्रायणी घालून बघितला आहे. दाणा विरघळतो.

साशंक : आणि?

हौशी : आणि चहा दाट होतो, पेजेसारखा. मला आवडतो. तुम्हाला आवडणार नाही.